विषाणू गेल्यानंतर: संगणकाची खंडित इंटरनेट जोडणी पूर्ववत कशी करावी?

हैदराबाद शहरातील नामपल्लीचे रेल्वे स्थानक मराठवाड्यातील जुन्या पिढीस चांगले परिचित आहे. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता आणि शिक्षण, नोकरी, न्यायालयीन काम अशा नाना कारणांनी मराठी माणसाची राजधानीस नित्य ये-जा असे. १९०७ साली बांधलेल्या या स्थानकाला लोक आजही नामपल्लीच म्हणतात. रेल्वेच्या दप्तरात मात्र त्याचे नाव 'हैदराबाद डेक्कन' असे आहे आणि आरक्षणाच्या यंत्रणेत ते 'एचवायबी' या तीन अक्षरांनी ओळखले जाते. २०१८ पासून त्याच परिसरात मेट्रो रेल्वेचे 'नामपल्ली' नावाचे स्वतंत्र स्थानकही झाले आहे. नवख्या प्रवाशाचा गोंधळ उडावा अशीच ही स्थिती. तरीही त्याची गाडी सहसा चुकत नाही, कारण लोकांच्या तोंडचे नाव ऐकून दप्तरातील नाव व क्रमांक सांगणारी चौकशीची खिडकी तेथे असते.

आता अशी कल्पना करावी की, या खिडकीवर एखादा लबाड माणूस कर्मचाऱ्याच्या वेषात येऊन बसला आहे. बहुतेक प्रवाशांना तो बरोबर उत्तर देतो, म्हणून कोणास संशय येत नाही. मात्र एखाद्याने चांगल्या उपाहारगृहाची चौकशी केली, की तो त्यास आपल्याला दलाली देणाऱ्या ठिकाणी पाठवितो. पुढे तो पकडला जातो आणि खिडकी ओस पडते. रूळ शाबूत असतात, सिग्नल चालू असतात, गाड्या फलाटावर उभ्या असतात. परंतु कोणती गाडी कोठे आहे हे सांगणारेच कोणी नसते. प्रवाशाला वाटते, रेल्वेच बंद पडली.

संगणकातील विषाणू काढून टाकल्यानंतर इंटरनेट बंद पडते, तेव्हा बहुधा नेमके हेच घडलेले असते. तार शाबूत असते, सेवा देणाऱ्या कंपनीची यंत्रणा चालू असते, संगणकही निर्दोष असतो. पण विषाणूने आपल्या सोयीसाठी बदलून ठेवलेला रस्ता तसाच राहिलेला असतो आणि त्या रस्त्याच्या टोकाशी आता कोणीही नसते. विषाणू काढणे आणि जोडणी पूर्ववत करणे ही दोन स्वतंत्र कामे आहेत, हे ध्यानात न आल्यामुळे अनेक कार्यालयांत व घरांत चांगले संगणक निकामी ठरविले जातात.

नाव आणि क्रमांक

इंटरनेटवरील प्रत्येक यंत्राला एक क्रमांक असतो. सर्वसाधारणपणे तो ० ते २५५ यांमधील चार आकड्यांचा मिळून बनलेला असतो. घरातील वा कार्यालयातील राउटरला पुष्कळदा १९२.१६८.१.१ असा क्रमांक दिलेला आढळतो. असे आकडे माणसाच्या लक्षात राहणे कठीण, म्हणून संकेतस्थळांना नावे देण्यात आली. प्रारंभीच्या काळात सर्व नावांची व क्रमांकांची एकच यादी ठेवली जात असे आणि तिच्या प्रती सर्वत्र पाठविल्या जात. यंत्रांची संख्या वाढल्यावर ही पद्धत अपुरी पडू लागली. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस या अमेरिकी संशोधकाने नावांवरून क्रमांक शोधून देणारी विकेंद्रित व्यवस्था मांडली. तिलाच आज 'डोमेन नेम सिस्टिम', संक्षेपाने 'डीएनएस', असे म्हणतात.

वापरकर्ता ब्राउझरमध्ये एखादे नाव लिहितो, तेव्हा संगणक प्रथम डीएनएस सर्व्हरकडे त्या नावाचा क्रमांक विचारतो. क्रमांक मिळाल्यावरच तो प्रत्यक्ष संकेतस्थळाशी संपर्क साधतो. हा सर्व व्यवहार क्षणार्धात होतो, त्यामुळे त्याचे अस्तित्व कोणास जाणवत नाही. आपल्या संगणकाने कोणत्या डीएनएस सर्व्हरकडे चौकशी करावी, याची नोंद त्याच्या सेटिंगमध्ये असते. ही नोंद बदलणे म्हणजे चौकशीची खिडकीच बदलणे होय.

एका टोळीची कथा

ही गोष्ट केवळ कल्पनेतील नाही. २००७ ते २०११ या काळात 'डीएनएसचेंजर' नावाच्या घातक प्रणालीने शंभराहून अधिक देशांतील सुमारे ४० लाख संगणकांमध्ये शिरकाव केला होता. एस्टोनिया या युरोपीय देशातील एक टोळी ती चालवीत असे. ही प्रणाली संगणकातील डीएनएसचे क्रमांक बदलून त्या जागी टोळीच्या सर्व्हरचे क्रमांक घालीत असे. काही ठिकाणी तर तिने राउटरचा मूळ पासवर्ड कोणी बदललेला नाही याचा लाभ घेऊन राउटरमधील क्रमांकही बदलले. परिणामी वापरकर्ता एका दुव्यावर जाऊ पाही आणि पोहोचे भलत्याच ठिकाणी. मूळ जाहिरातींच्या जागी टोळीला पैसे देणाऱ्या जाहिराती दिसत. विषाणूरोधक प्रणाली व संगणकाची मूलप्रणाली यांच्या सुधारित आवृत्त्या मिळण्याची वाटही अडविली जाई. या उद्योगातून टोळीने किमान १ कोटी ४० लाख डॉलर मिळविले, असे अमेरिकी तपास यंत्रणेने म्हटले होते.

८ नोव्हेंबर २०११ रोजी एस्टोनियात सहा जणांना अटक झाली आणि टोळीचे सर्व्हर ताब्यात घेण्यात आले. तपास यंत्रणेपुढे तेव्हा एक पेच उभा राहिला. हे सर्व्हर तत्काळ बंद केले असते, तर ज्यांचे संगणक त्यांच्यावर अवलंबून होते त्या लाखो निरपराध लोकांचे इंटरनेट त्याच क्षणी थांबले असते. म्हणून न्यायालयाच्या अनुमतीने त्याच क्रमांकांवर खरी उत्तरे देणारे सर्व्हर बसविण्यात आले. ते चालविण्याचे काम 'इंटरनेट सिस्टिम्स कन्सॉर्टियम' या संस्थेकडे सोपविण्यात आले. लबाडाच्या खिडकीवर प्रामाणिक कर्मचारी बसविण्यासारखाच हा उपाय होता. त्याची मुदत प्रथम ८ मार्च २०१२ पर्यंत होती. संगणक दुरुस्त करण्यास लोकांना अधिक अवधी मिळावा म्हणून ती ९ जुलै २०१२ पर्यंत वाढविण्यात आली.

आठ महिन्यांचा हा अवधी थोडा नव्हता. वृत्तपत्रांतून सूचना प्रसिद्ध झाल्या आणि संगणक तपासून देणारी संकेतस्थळे उघडण्यात आली. तरीही अखेरच्या दिवशी जगभरात दोन लाखांहून अधिक क्रमांकांवरून या तात्पुरत्या खिडकीकडे चौकशी येतच होती. त्यांत भारतातील क्रमांक सुमारे २० हजार होते. सोमवार, ९ जुलै रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी साडेनऊच्या सुमारास, म्हणजे कार्यालये व दुकाने उघडण्याच्या वेळी, ते सर्व्हर बंद करण्याची वेळ ठरलेली होती. ज्यांनी तोवर आपली सेटिंग तपासली नव्हती आणि ज्यांच्या सेवा कंपनीने पर्यायी सोय केलेली नव्हती, त्यांच्यापुढे जोडणी शाबूत असूनही एकही संकेतस्थळ उघडेना, अशी अवस्था ओढवणार होती.

यात सर्वांत बोधप्रद बाब अशी की, विषाणूरोधक प्रणालीने डीएनएसचेंजर काढून टाकल्यानंतरही त्याने बदललेले क्रमांक संगणकात किंवा राउटरमध्ये शिल्लक राहू शकत होते. आपला संगणक स्वच्छ झाला, असे अशा वापरकर्त्याने मानणे स्वाभाविकच होते. विषाणू गेला होता. त्याने लिहून ठेवलेला पत्ता मात्र गेला नव्हता.

जोडणी कोठे कोठे अडते?

विषाणू गेल्यानंतर पाच ठिकाणी अडथळा राहू शकतो.

पहिले ठिकाण म्हणजे वर सांगितलेले डीएनएसचे क्रमांक. ते संगणकात आणि राउटरमध्ये अशा दोन्ही जागी तपासावे लागतात. एकाच राउटरवरील सर्व संगणकांना व मोबाइल फोनना सारखाच त्रास होत असेल, तर दोष राउटरमध्ये असण्याचा संभव अधिक.

दुसरे ठिकाण प्रॉक्सीचे. प्रॉक्सी म्हणजे ब्राउझर आणि इंटरनेट यांच्यामधील मध्यस्थ. काही विषाणू १२७.०.०.१ या क्रमांकावर स्वतःलाच मध्यस्थ म्हणून बसवितात. हा क्रमांक म्हणजे तो संगणक स्वतःच होय. विषाणू काढला की मध्यस्थ नाहीसा होतो, पण ब्राउझर त्याच्याचकडे जात राहतो आणि 'प्रॉक्सी सर्व्हर प्रतिसाद देत नाही' अशा अर्थाचा संदेश दिसतो.

तिसरे ठिकाण म्हणजे 'होस्ट्स' नावाची लहानशी फाइल. १९८३ पूर्वीच्या त्या एकत्र यादीचा हा अवशेष प्रत्येक संगणकात आजही आहे. संगणक डीएनएस सर्व्हरला विचारण्यापूर्वी या फाइलमधील नोंदी विचारात घेतो. विषाणू तीत विषाणूरोधक कंपन्यांची नावे लिहून त्यांच्यापुढे चुकीचे क्रमांक घालतात. अन्य सर्व संकेतस्थळे उघडतात, परंतु सुरक्षाविषयक तेवढी उघडत नाहीत, असे दिसल्यास ही फाइल अवश्य पाहावी. मात्र हेच लक्षण दुसऱ्या कारणानेही दिसते. नोव्हेंबर २००८ मध्ये आढळलेला 'कॉन्फिकर' हा विषाणू होस्ट्स फाइलला हात न लावता, संगणकाच्या स्मृतीत राहून अशा नावांची चौकशी रोखीत असे. म्हणून फाइल निर्दोष असूनही हे लक्षण कायम राहिले, तर विषाणू अद्याप गेलेला नाही असे समजावे.

चौथे ठिकाण विंडोज प्रणालीतील 'विनसॉक' या भागाचे. संगणकातील निरनिराळ्या प्रणालींना इंटरनेटशी जोडणारी ही एक साखळी आहे, असे म्हणता येईल. विशेषतः विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये काही घातक प्रणाली या साखळीत स्वतःची कडी घालीत. ती फाइल पुसली की साखळी तुटते आणि तार जोडलेली, दिवा लागलेला असूनही कोणतीच माहिती पुढे सरकत नाही.

पाचवे ठिकाण बंद पाडलेल्या सेवांचे. संगणकाला आपोआप क्रमांक मिळवून देणाऱ्या, नावांची चौकशी करणाऱ्या किंवा सुधारित आवृत्त्या आणणाऱ्या सेवा विषाणू थांबवून ठेवू शकतो. कॉन्फिकर असेच करीत असे आणि तो काढल्यानंतर त्या सेवा पुन्हा सुरू कराव्या लागत.

दुरुस्तीचा क्रम

दुरुस्ती घाईने न करता ठरावीक क्रमाने केल्यास बहुतेक दोष अर्ध्या-पाऊण तासात सापडतो.

प्रथम विषाणू खरोखरच गेला आहे याची खात्री करावी. त्यासाठी संगणकाची तार काढावी वा वाय-फाय बंद करावे. दुसऱ्या स्वच्छ संगणकावरून विषाणूनाशक साधन आणून संपूर्ण तपासणी करावी. साधन आणण्यासाठी वापरलेला पेनड्राइव्ह नंतर स्वच्छ संगणकास लावण्यापूर्वी तपासून घ्यावा, कारण पेनड्राइव्हवाटे पसरणारे विषाणू अनेक आहेत. कॉन्फिकरही त्यांपैकीच एक. भारत सरकारच्या 'सर्ट-इन' या संस्थेने २०१७ मध्ये सुरू केलेल्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'च्या संकेतस्थळावर अशी साधने विनामूल्य उपलब्ध करून देण्यात आली आहेत. विषाणू शिल्लक असताना सेटिंग दुरुस्त केल्यास तो ती पुन्हा बदलतो आणि सर्व श्रम वाया जातात.

दुसरी पायरी निदानाची. जोडणी पुन्हा लावून विंडोजच्या आज्ञाखिडकीत 'पिंग' ही आज्ञा दोनदा द्यावी. एकदा तिच्यापुढे ८.८.८.८ यासारखा सर्वपरिचित क्रमांक लिहावा आणि एकदा एखाद्या संकेतस्थळाचे नाव. आज्ञा व क्रमांक अर्थातच इंग्रजी अक्षरांत व अंकांत टंकित करावे लागतात. क्रमांकाकडून उत्तर येते पण नावाचा क्रमांक सापडत नाही, असे झाल्यास दोष डीएनएसमध्ये आहे. नावाचा क्रमांक सापडून त्याच्याकडूनही उत्तर येते, पण ब्राउझर उघडत नाही, असे झाल्यास प्रॉक्सी तपासावी. दोन्हींकडून उत्तर न आल्यास विनसॉक, बंद सेवा, राउटर किंवा प्रत्यक्ष तार यांकडे लक्ष द्यावे. काही कार्यालयांच्या जाळ्यात पिंगची उत्तरे मुद्दाम रोखलेली असतात. तेथे ही परीक्षा शेजारच्या चालू संगणकावर करून तुलना करावी.

तिसऱ्या पायरीत दुरुस्ती करावी. कोणतीही नोंद बदलण्यापूर्वी ती कागदावर उतरवून घ्यावी. 'आयपीकॉन्फिग' या आज्ञेपुढे 'ऑल' हे उपपद जोडल्यास संगणकाचे सर्व क्रमांक पडद्यावर दिसतात. घरगुती जोडणीत क्रमांक व डीएनएस दोन्ही 'ऑटोमॅटिक' ठेवणे बहुधा योग्य असते. प्रॉक्सीच्या पानावर आपण न लिहिलेला पत्ता आढळल्यास ती सोय बंद करावी. होस्ट्स फाइलमधील अनोळखी ओळी काढून टाकाव्यात. त्यानंतर प्रशासकाच्या अधिकाराने उघडलेल्या आज्ञाखिडकीत 'नेटश विनसॉक रीसेट' ही आज्ञा द्यावी आणि 'आयपीकॉन्फिग'ला 'फ्लशडीएनएस' हे उपपद जोडून साठलेली जुनी उत्तरे पुसावीत. संगणक बंद करून पुन्हा सुरू केल्यावर निदानाची परीक्षा परत घ्यावी.

राउटरचा संशय असल्यास तो मूळ स्थितीवर आणून सेवा कंपनीने दिलेली माहिती पुन्हा भरावी. त्याचा मूळ पासवर्ड त्याच वेळी बदलावा, अन्यथा तेच दार पुन्हा उघडे राहते.

एवढे करूनही यश न आल्यास विंडोजच्या अलीकडील आवृत्त्यांतील 'नेटवर्क रीसेट' ही सोय वापरता येते. ती जोडणीचे सर्व भाग काढून नव्याने बसविते. वाय-फायचे पासवर्ड आणि हाताने भरलेले क्रमांक पुन्हा द्यावे लागू शकतात, हे मात्र लक्षात ठेवावे. डिस्क पुसून सर्व प्रणाली नव्याने घालणे हा अखेरचा उपाय होय. मूलप्रणालीतच विषाणू खोल रुजला असेल, तर तो करावाच लागतो. पण केवळ संकेतस्थळे उघडत नाहीत एवढ्याच कारणावरून तो करू नये.

कार्यालयांनी घ्यावयाची विशेष दक्षता

शासकीय कार्यालयांत क्रमांक, डीएनएस व प्रॉक्सी ही पुष्कळदा अधिकृतपणे ठरवून दिलेली असतात. तेथील अनोळखी पत्ता विषाणूनेच घातला असे गृहीत धरून तो पुसल्यास चालू असलेले कामही थांबेल. म्हणून जाळ्याची व्यवस्था पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या संमतीवाचून तेथे बदल करू नयेत. प्रत्येक संगणकाचे योग्य क्रमांक एका नोंदवहीत लिहून ठेवण्याची पद्धत कार्यालयाने स्वीकारल्यास संकटकाळी ती नोंदवहीच सर्वांत उपयोगी साधन ठरते.

दुसरी दक्षता पुराव्याची. विषाणूमुळे बँकखात्यातील पैसे गेले असतील किंवा शासकीय माहिती चोरीस गेली असेल, तर साफसफाईची घाई करू नये. संगणक जाळ्यापासून तोडून बाजूस ठेवावा, पोलिसांकडे तक्रार द्यावी आणि पुढील सूचनेची वाट पाहावी. आर्थिक फसवणुकीची तक्रार १९३० या दूरध्वनी क्रमांकावर तत्काळ करता येते. २०२२ मधील सर्ट-इनच्या निर्देशांनुसार शासकीय संस्थांनी विवक्षित स्वरूपाच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळविणे बंधनकारक आहे. तेलंगणाची न्यायसहायक विज्ञान प्रयोगशाळा नामपल्लीलगतच्या रेड हिल्स भागात आहे, तर महाराष्ट्राची प्रमुख प्रयोगशाळा मुंबईत कालिना येथे आहे. अशा प्रयोगशाळांकडे येणाऱ्या डिस्कवर विषाणूचे व त्याने केलेल्या बदलांचे अवशेष असले, तरच तपासास दिशा मिळते. पुसलेली डिस्क फारसे काही सांगू शकत नाही.

जोडणी पूर्ववत झाल्यावर एक काम उरते. विषाणू असताना या संगणकावर वापरलेले सर्व पासवर्ड दुसऱ्याच्या हाती गेले आहेत असे समजून ते स्वच्छ संगणकावरून बदलावेत. मूलप्रणालीच्या सुधारित आवृत्त्याही त्वरित घ्याव्यात. कॉन्फिकर ज्या उणिवेतून शिरला, ती बुजविणारी सुधारणा मायक्रोसॉफ्टने २३ ऑक्टोबर २००८ रोजी, म्हणजे विषाणू आढळण्याच्या आधीच, दिलेली होती. ज्यांनी ती वेळेवर घेतली, त्यांच्या संगणकांची ती उणीव आधीच बुजलेली होती.

आज सातबाऱ्याचा उतारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, निवृत्तिवेतन अशा अनेक बाबी संगणकाच्या जोडणीवर अवलंबून आहेत. गावातील सेवा केंद्राचा एकमेव संगणक अर्जाच्या शेवटच्या दिवशी बंद राहिला, तर एखाद्या विद्यार्थ्याचे वर्ष वाया जाऊ शकते. अशा वेळी तंत्रज्ञ येईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याची गरज नसते. रूळ उखडले आहेत की केवळ चौकशीची खिडकी ओस पडली आहे, हे प्रथम शांतपणे पाहावे. पुष्कळदा खिडकीवर योग्य माणूस बसविला, की गाडी पुन्हा आपल्या फलाटाला लागते.